१८४६ फोटोंचे १३०२ कसे झाले

टर्मिनलची, म्हणजे कमांड टाइप करून कॉम्प्युटरकडून काम करवून घ्यायच्या खिडकीची, भीती मोडली, एकच काम सगळ्या फाइलींवर फिरवणारा फॉर लूप लिहिता यायला लागला, की पहिला हात फोटोंच्या नावांवरच पडतो. माझाही पडला. लग्नाचं शूट, दोन कॅमेरे आणि दोन्हींत ‘डीएससी अंडरस्कोर ४५१२’ नावाचा फोटो. कॅमेऱ्याची मोजणी ९९९९ पर्यंत जाऊन पुन्हा ०००१ वर येते, त्यामुळे या नंबरांवर विसंबण्यात अर्थ नाहीच.

म्हणून मी फोटो काढल्याची वेळच नाव म्हणून द्यायचं ठरवलं. एक्झिफटूल या प्रोग्रॅमनं वेळ वाचायची, एमव्ही या कमांडनं नाव बदलायचं. कुठूनतरी उचललेल्या चार ओळी. एंटर दाबलं, काही मिनिटांत काम झालं, एकही एरर नाही. मी चहा टाकायला गेले.

आता नीट वाचा, कारण मला हे कुणी सांगितलं नव्हतं. एक्झिफमधली, म्हणजे कॅमेऱ्यानं फोटोच्या फाइलीतच लिहून ठेवलेल्या माहितीतली, ती मुख्य वेळ सेकंदापर्यंतच असते. अंतरपाट दूर होताना, अक्षता पडताना आपण बटण दाबूनच ठेवतो आणि कॅमेरा सेकंदाला आठ फ्रेम मारतो. आठ फोटो, वेळ एक, म्हणजे नावही एकच. पहिल्या फोटोला ते नाव मिळतं. दुसराही तेच नाव मागतो, आणि एमव्ही काही न विचारता पहिल्याला पुसून दुसऱ्याला तिथं बसवतो. मग तिसरा दुसऱ्याला पुसतो. शेवटी उरतो तो फक्त आठवा. कचरापेटीतही काही जात नाही. निवांत बसलेल्या पाहुण्यांचे फोटो सगळे शाबूत, आणि जिथं जीव ओतून बटण दाबून ठेवलं नेमकं तिथंच भगदाड!

चार दिवसांनी नवरीच्या मावशीनं अंतरपाटाचा फोटो मागितला, तेव्हा कळलं. उरलेल्या फ्रेममध्ये नवरीचे डोळे मिटलेले.

घाबरू नका, यावर उपाय आहे आणि तो सोपा आहे. आधी फोल्डरची कॉपी करा. मग लूपमध्ये एमव्हीच्या जागी नुसतं छापणारी इको ही कमांड लावून फक्त नवी नावं छापा, ती यादी क्रमानं लावणाऱ्या सॉर्टमधून आणि पुढं दुबार ओळी तेवढ्याच दाखवणाऱ्या युनिक (uniq) डॅश डी मधून काढा. काही छापून आलं तर तेवढी नावं दुबार आहेत, थांबा. नुसती यादी डोळ्यांनी चाळू नका, १८४६ ओळींत काही दिसत नाही. त्यानंतरही एमव्हीला डॅश एन हा पर्याय जोडून द्या. ते नाव आधीच असेल तर तो फाइलला हात लावत नाही, ती जुन्या नावानं तिथंच पडून राहते.

खरं तर लूपची गरजच नव्हती. एक्झिफटूल स्वतः नाव बदलतो. नावाच्या साच्यात ‘टक्के डॅश सी’ घातलं की दुसऱ्या फाइलला डॅश १, तिसरीला डॅश २ असे आकडे तोच जोडतो. फाइलनेमऐवजी टेस्टनेम लिहिलं तर नुसती रंगीत तालीम होते. हे त्याच्या मदतपानावर लिहिलेलं आहे. पण आपण मदतपान सोडून वीस सेकंदांचे व्हिडिओ बघतो, मीही बघायचे. नाव बदलणाऱ्या रीनेम या कमांडचंही तसंच. उबंटू आणि फेडोरा ही दोन्ही लिनक्सच, पण उबंटूवरची, पर्ल भाषेतली रीनेम वेगळी, फेडोरावरची वेगळी. एकीचा नुस्खा दुसरीवर चालत नाही.

एकाच फोटोच्या रॉ (कॅमेऱ्याची कच्ची फाइल) आणि जेपीजी अशा दोन फाइली जोडीनं असतील तर दोघांना एकच नाव मिळतंय ना, तेवढं बघा.

आमचे दादा, ज्यांच्या हाताखाली मी शिकले, टर्मिनलला हातही लावत नाहीत. त्यांनी ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, “कार्ड कुठंय?” अल्बम हातात पडेपर्यंत कार्ड फॉरमॅट करायचं नाही हा त्यांचा नियम. मला तो कंजूष माणसाचा जुनाट हट्ट वाटायचा. लग्नातला दुसरा कॅमेरा त्यांचाच, त्याचं कार्ड डब्यात जसंच्या तसं होतं. त्यातून अंतरपाट सापडला, नवरीचे डोळे उघडे.

माझ्या कॅमेऱ्याचं कार्ड मी दोनच दिवसांनी एका बारशासाठी फॉरमॅट केलं होतं. कन्यादानाचे क्लोजअप त्यात होते. मावशींनी ते अजून मागितलेले नाहीत.