डिफेन्सच्या खरेदीत कॅटेगरी मॅनेजर व्हायचंय? मग ही तयारी करून जा

साताऱ्यात घरटी कुणीतरी फौजेत असतंयच, मिलिटरी अपशिंगे हे गाव तर त्यासाठीच सगळ्यांना माहितीय, पण फौजेचं रेडिओ-रडार ज्या पार्टपासनं बनतं ते विकत घेणं हा पण पूर्णवेळ जॉब असतो, त्यालाच कॅटेगरी मॅनेजर म्हणतात, हे आपल्या पोरांना फार उशिरा कळतं. तर पुण्या-बेंगलोरच्या कंपनीत जॉइन व्हायच्या आधी एवढं करा.

डीएपी २०२० आणि डीपीएम ही संरक्षण मंत्रालयाची खरेदीची नियमपुस्तकं चाळून ठेवा, पहिलं कॅपिटल म्हंजे नवीन शस्त्रं-यंत्रणांच्या खरेदीचं, दुसरं रेव्हेन्यू म्हंजे सुटे भाग-देखभालीच्या रोजच्या खरेदीचं, आणि कुणी २००९ ची डीपीएम फॉरवर्ड केली तर ती सोडून द्या, १ नोव्हेंबर २०२५ पासून नवीन लागू झालीय. डीएपी २०२० मधल्या आयडीडीएम (भारतातच डिझाईन करून, विकसित करून बनवलेला माल) कॅटेगरीत डिझाईन इथलं आणि निदान ५० टक्के कंटेंट पण इथला लागतो, म्हणजे व्हेंडरकडनं नुसता रेट मागून भागत नाही, कुठला पार्ट कुठनं आला आणि त्याची किंमत किती हे फोडून लिहून घ्यावं लागतं, आणि व्हेंडर ते सुखासुखी देत नाही.

खरी गंमत आयसीमध्ये, म्हंजे सर्किटवरच्या चिपमध्ये आहे. आयसीवर चार आकडी डेट कोड असतो, २३१४ म्हंजे २०२३ चा १४ वा आठवडा, तो वाचायची सवय आत्तापासनंच लावा. जुना माल घासून, वरनं काळा लेप देऊन, नवीन मार्किंग मारून विकणारे भरपूर आहेत, ॲसिटोनचा बोळा फिरवला की बऱ्याचदा काळं कापसावर येतं. पण हल्लीचे लेप ॲसिटोनला पण दाद देत नाहीत, म्हणून माल मूळ उत्पादकाकडनंच आलाय हे दाखवणारा कागद नसेल तर कितीबी स्वस्त असू दे, घेऊ नका. एक्सेलमध्ये चार टक्के वाचवले म्हणून पाठ थोपटून घेणारे लय बघितलेत, माझं मत विचाराल तर या कामात भाव करणं सगळ्यात सोपं.

चिपचं उत्पादन दहाएक वर्षांत बंद होतं, रडार तीसएक वर्षं चालवायचं असतं, त्यामुळं लास्ट टाइम बायची नोटीस (उत्पादन बंद करतोय, शेवटची ऑर्डर द्या असं कंपनीचं पत्र) आली की किती उचलायचं हा हिशोब येणं मस्ट. टेस्टिंगसाठी जेएसएस ५५५५५, म्हंजे फौजेच्या इलेक्ट्रॉनिक सामानाच्या उष्णता, धक्के वगैरे चाचण्यांचं स्टँडर्ड, नावापुरतं तरी माहीत पाहिजे.

आणि कुपवाड-मिरज एमआयडीसीतल्या छोट्या शॉपकडनं ब्रॅकेट, हाउसिंग करून घेणार असाल तर त्यांचं उद्यम रजिस्ट्रेशन (छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी) बघा आणि जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे सोडा, कायदाच आहे तसा, वर गेलं तर व्याज लागतंय, तेही बँक रेटच्या तिप्पट. ड्रॉइंग मात्र त्यांना व्हॉट्सॲपवर पाठवू नका. एनडीए, म्हंजे गुप्ततेचा करार, सही झाल्याशिवाय तर ड्रॉइंग अजिबात देऊ नका.