मोटरहोमचं टॉयलेट गळतंय? पाना हातात घेण्याआधी या चुका टाळा

बेळगावातून गोव्याला, तळकोकणात किंवा दांडेलीकडे मोटरहोम घेऊन जाणाऱ्यांना हे दुखणं कधी ना कधी गाठतंच. टॉयलेटच्या बुडाशी ओल दिसते, नाहीतर बाहेरचं कॅसेटचं, म्हणजे मैल्याच्या सुट्या टाकीचं, दार उघडलं की वास नाकात शिरतो. मग जवळच्या सॅनिटरीच्या दुकानातून एम-सील, पांढरं सिमेंट किंवा सिलिकॉनची नळी येते, ओल दिसली तिथं ती फासली जाते, आणि थोड्याच दिवसांत पाणी परत हजर. बहुतेक दुरुस्त्या फसतात त्या पाणी येतंय कुठून याचा शोध न घेताच काम सुरू केल्यामुळे. हे काम घरी करता येतं, त्याला महागडी हत्यारंही लागत नाहीत. पण पाण्याचा माग काढण्यात अर्धा दिवस गेला तरी तो जाऊ द्या.

या गाड्यांत मुख्यतः दोन तऱ्हेची टॉयलेट असतात. थेटफर्ड, डोमेटिक वगैरेंची कॅसेट टॉयलेट, ज्यांची साधारण १८ ते २० लिटरची टाकी बाहेरच्या छोट्या दारातून ओढून काढता येते. आणि दुसरी, जमिनीवरच्या फ्लॅन्जला, म्हणजे मैल्याच्या पाइपच्या तोंडाशी असलेल्या कड्याला, बोल्टनं बसवलेली, ज्यांचा मैला थेट गाडीखालच्या टाकीत पडतो. आपलं कोणतं आहे ते पक्कं माहीत असू द्या, कारण दोन्हींच्या गळतीच्या जागा वेगळ्या.

ओल दिसते तिथंच गळती आहे, असं धरून चालू नका

गाडीतलं पाणी सरळ खाली पडत नाही. प्लायवूडच्या कडेनं, वायरीच्या अंगानं, पत्र्याच्या घडीतून वाट काढत ते भलतीकडेच निघतं. म्हणून पहिली परीक्षा कानांनी घ्या. गाडीतले सगळे नळ बंद असताना रात्री पाण्याचा पंप मध्येच क्षणभर चालून थांबत असेल, तर दाबाखालच्या स्वच्छ पाण्याच्या लाइनमध्ये गळती आहे. पंप गप्प असूनही खाली ओल येत असेल, तर शोध बाउल, कॅसेट, फ्लॅन्ज किंवा छताकडे वळवा. टॉयलेटला फ्लशची स्वतंत्र टाकी असेल तर मात्र ही खूण लागू पडत नाही. तिथं टाकी भरून पातळीवर पेन्सिलची खूण करा आणि सकाळी बघा.

दुसरी परीक्षा रंगाची. जिलेबीत घालतात तो खायचा केशरी रंग चिमूटभर पाण्यात कालवून बाउलमध्ये ओता, बाउलच्या तळाचं तोंड उघडणारी-मिटणारी सरकती पट्टी बंद ठेवा, आणि टॉयलेटच्या चारी बाजूंना कोरडा वर्तमानपत्राचा कागद अंथरा. तासाभरानं बाउलमधलं पाणी उतरलेलं असेल तर पट्टीचं सील गेलंय. कागदावर केशरी डाग आला तर बाउलला तडा असण्याची किंवा बुडाचा जोड सुटल्याची शक्यता. डाग आलाय पण बिनरंगाचा, तर ते पुरवठ्याचं पाणी. आणि फ्लश दाबल्यावरच मागच्या बाजूनं थेंब येत असतील, एरवी सगळं कोरडं, तर जमिनीवर बसवलेल्या टॉयलेटमध्ये व्हॅक्यूम ब्रेकर तपासा. घाण पाणी उलटं स्वच्छ लाइनमध्ये ओढलं जाऊ नये म्हणून हा छोटा भाग असतो. फ्लश चालू असतानाच त्यातून पाणी वाहतं, म्हणून गळतीही तेव्हाच दिसते. त्याला गोंद लावून उपयोग नाही, भागच बदलायचा.

पावसाळ्यात या सगळ्याआधी छत बघा. जांबोटी, कणकुंबीकडे पाऊस कसा कोसळतो ते खानापूर तालुक्यातल्या माणसाला सांगायला नको. मैल्याच्या टाकीचा हवेचा पाइप आणि बाथरूमची खिडकी छतातून बाहेर निघतात, आणि त्यांच्या भोवतीचं सीलंट उन्हानं तडकलेलं असतं. तिथून शिरलेलं पाणी भिंतीच्या आतून उतरतं आणि बरोबर टॉयलेटच्या मागे प्रकटतं. टॉयलेट उचकटून, सील बदलून, परत बसवूनही ओल जात नाही, अशा तक्रारीचं मूळ अनेकदा छतावर असतं. कोरड्या दिवशी एकानं वर चढून पाइपनं एकेका जोडावर पाणी सोडावं, दुसऱ्यानं आत बॅटरी घेऊन बघत राहावं. एका जोडावर पाच-दहा मिनिटं तरी द्या. घाई केली तर कोणता जोड गळतोय ते कळणारच नाही.

पांढरं सिमेंट घरी शोभतं, गाडीत नाही

आपल्याकडचा प्लंबर घरातल्या कमोडला सरावलेला असतो. तो प्रामाणिकपणेच सांगतो, "काका, पांढरं सिमेंट भरतो, मग वर्षानुवर्षं बघायला नको." घरात ते खरंच टिकतं, कारण घर हलत नाही. गाडीचा सांगाडा मात्र प्रत्येक खड्ड्यात पिळवटतो. सिमेंटला आणि एम-सीलला लवचीकपणा नाही, त्यामुळे पहिल्याच खराब रस्त्यावर बारीक चीर पडते. शिवाय पुढच्या वेळी टॉयलेट काढायला छिन्नी लागते, आणि छिन्नीच्या घावानं प्लास्टिकचं बूड फुटतं. प्लंबरला आधीच सांगा, "दादा, हे सुटायला आलं पाहिजे असंच बसवा."

फ्लॅन्जच्या जागी कंपनीनं सांगितलेलं रबराचं किंवा फोमचं सीलच घाला. टॉयलेट एकदा उचललं की जुनं सील परत वापरायचं नाही, कितीही चांगलं दिसत असलं तरी. ते दाबलं गेलेलं असतं आणि पुन्हा तेवढं फुगत नाही. बोल्ट आवळताना एक पूर्ण आवळून मग दुसरा, असं करू नका. थोडा इकडचा, थोडा तिकडचा, आणि टॉयलेट हलायचं थांबलं की थांबा.

सिलिकॉनची स्वतःची जागा आहे: छतावरचे, सिंकच्या कडेचे जोड. पण टॉयलेटच्या बुडाभोवती सिलिकॉनची कड फिरवली की गळती थांबत नाही, ती दिसायची थांबते. आतलं पाणी बाहेर न येता खाली प्लायवूडमध्ये मुरत राहतं, आणि काही महिन्यांनी पाय ठेवला की जमीन दबते. ही चूक सगळ्यांत महाग पडते, कारण मग टॉयलेटसोबत जमीनही बदलावी लागते. शंका असेल तर बारीक पेचकस बुडाजवळच्या लाकडात टोचून बघा. मऊ लागला तर आधी लाकूड पूर्ण सुकवा किंवा बदला, दुरुस्ती नंतर.

रबर कोणतं, वंगण कोणतं

इथं बेळगावकरांचं नशीब चांगलं. हायड्रॉलिक्सचं काम या शहरात जुनं आणि मोठं, त्यामुळे उद्यमबाग भागात हव्या त्या मापाची ओ-रिंग, म्हणजे जोडात बसणारी गोल रबरी कडी, मिळू शकते. पण ती दुकानं तेलाच्या कामाला सरावलेली. काही न बोलता ओ-रिंग मागितली तर हातात बहुधा नायट्रिल रबराची पडते. साध्या गार पाण्याला तीही चालते, मात्र ऊन-वाऱ्यात ती लवकर तडकते. पाण्यासाठी ईपीडीएम नावाचं रबर जास्त चांगलं, म्हणून स्पष्ट विचारा, "अण्णा, तेलाला नको, पाण्याला लावायची आहे. ईपीडीएममध्ये आहे काय बघा की." माप देताना जुन्या रिंगेवर विसंबू नका, ती चेपून चपटी झालेली असते. रिंग बसते त्या खाचेचं माप व्हर्नियरनं घेऊन जा.

कॅसेटच्या तोंडावरच्या पट्टीचं सील मात्र ओ-रिंग नव्हे. त्याला ओठासारखी कड असते, आणि ती कड पट्टीला घासून पाणी अडवते. तिथं जवळपासच्या मापाची गोल रिंग बसवण्याचा खटाटोप करू नका. मॉडेलचा नंबर बघून तेच सील मागवा, आणि गाडीत एक जादा ठेवा.

आता वंगण. व्हॅसलीन, बेअरिंगचं ग्रीस, इंजिन ऑइल हे पेट्रोलियमचे पदार्थ. ईपीडीएम रबर ते शोषून घेतं, फुगतं, मऊ पडतं. पहिल्या दिवशी पट्टी लोण्यासारखी सरकते आणि काही आठवड्यांनी सील खाचेतून बाहेर येतं. खोबरेल तेलही नको. २४ अंशांच्या आसपास ते गोठायला लागतं, म्हणजे आपल्या डिसेंबरच्या पहाटे पट्टी जड होणार, आणि कालांतरानं चिकटून त्यावर घाण बसणार. सिलिकॉनचं ग्रीस किंवा फवारा घ्या, आधी सील साध्या साबणानं धुऊन पुसा, मग पातळ थर. कित्येकदा सील बदलायची गरजच नसते, ते फक्त कोरडं पडलेलं असतं.

अथणी, सौंदत्ती, बैलहोंगलकडे बोअरचं जड पाणी भरलं असेल तर सीलच्या कडेला पांढरा क्षार बसतो आणि त्या खरखरीतून पाणी निसटतं. लिंबूफूल कोमट पाण्यात विरघळवून फडक्यानं पुसलं की तो निघतो. ब्लेडनं किंवा तारेच्या घासणीनं खरवडू नका. पट्टीवर पडलेला ओरखडा कोणतंही सील बुजवत नाही.

जोर कुठे लावू नये

पाण्याच्या लाइनचा जोड गळतोय, म्हणून मोठा पाइप पाना लावून आवळणं ही आणखी एक नेहमीची चूक. टॉयलेटच्या मागचे आटे प्लास्टिकचे असतात. हातानं घट्ट, त्यावर पाव फेरा, बस्स. आत रबराचा वायसर असलेल्या जोडाला टेफलॉन टेप गुंडाळायची नाही. तिथं पाणी वायसर अडवतो, आटे नव्हे, आणि टेपच्या जाडीमुळे वायसर नीट टेकतच नाही. अशा जोडातून गळत असेल तर वायसर बदला.

गाडीतल्या पंपाचा दाब सुमारे ३ बारपर्यंत जाऊ शकतो. म्हणजे ३० मीटर उंचावरच्या टाकीइतका, घराच्या गच्चीवरच्या टाकीच्या कित्येक पट. म्हणून आपण हौसेनं बसवतो तो घरगुती जेट गाडीत लवकर दगा देतो. कमोड गळतोय असं वाटतं आणि गळत असतो जेटचा पाइप. जेट लावायचाच तर त्याच्या आधी वेगळा कॉक बसवा आणि वापर झाला की बंद करा. कॅसेट टॉयलेटमध्ये पाणी सढळ हातानं वापरलं की टाकी फार लवकर भरते, हेही घरातल्या सगळ्यांना, विशेषतः पाहुण्यांना, आधीच सांगून ठेवा.

चोर्ला घाट आणि बंद कॅसेट

बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटरवर आहे. गोव्याच्या किनाऱ्यावर घट्ट बंद केलेली कॅसेट घेऊन चोर्ला घाट चढलात, की बाहेरच्या हवेचा दाब साधारण ८ टक्क्यांनी घटलेला असतो, आतला मात्र तोच. वर आल्यावर पट्टी उघडली की फवारा अंगावर येतो, आणि सील कमकुवत असेल तर घाटातच ओघळ सुटतो. लोक याला सीलचा दोष समजून नवं सील घालतात, पण बिघाड हवा सोडणाऱ्या झडपेत असतो. कागद, क्षार यांनी ती बुजते. कॅसेट रिकामी असताना झडपेचं बटण दाबून बघा, हवा मोकळी निघाली पाहिजे. उलट दिशेनं, घाट उतरून किनाऱ्यावर पोचल्यावर, पट्टी आत ओढली जाऊन घट्ट बसते. दांडा हिसडून मोडू नका, आधी झडपेतून हवा आत जाऊ द्या.

भरत आलेली कॅसेट घेऊन घाटात शिरूच नका. वळणावळणावर आतला माल सीलवर आपटतो. रिकामी करायची ती सेप्टिक टँक किंवा ड्रेनेज जोडलेल्या शौचालयात, मालकाला विचारून. कणकुंबीला मलप्रभेचा उगम आहे. खाली कितीतरी गावं तेच पाणी पितात. त्या ओढ्यांच्या काठी कॅसेट ओतणं हा गुन्हाच समजा.

औषधं आणि साफसफाई

अ‍ॅसिड आणि ब्लिचिंगची पावडर गाडीच्या टॉयलेटपासून लांब ठेवा. रबर तर खराब होतंच, पण ही दोन एकत्र आली की क्लोरीन वायू सुटतो, आणि लघवीत ब्लीच मिसळलं तरी विषारी वायू तयार होतो. एवढ्याशा बंद खोलीत तो जिवावर बेतू शकतो. मोटरहोमच्या टॉयलेटसाठीचं द्रव मिळालं तर तेच वापरा, नाहीतर सौम्य साबण आणि भरपूर पाणी.

काम करताना पंपाचा स्विच बंद, नळ उघडून लाइनमधला दाब सोडलेला, कॅसेट रिकामी आणि धुतलेली, हातात रबरी मोजे. गाडी महिनोन्महिने उभी राहणार असेल तर कॅसेटची पट्टी उघडी ठेवा, म्हणजे सील दाबून चिकटत नाही.

दुरुस्ती झाल्यावर कॅसेटमध्ये अर्धं स्वच्छ पाणी भरा, पट्टी आणि ओतायचं झाकण बंद करून ती कोरड्या फरशीवर उलटी ठेवा. थेंब पट्टीतून येतोय, झाकणातून की झडपेतून, ते तिथंच दिसेल. बाउलमध्ये रात्रभर पाणी ठेवून सकाळी पातळी बघा. जमिनीवरच्या टॉयलेटचे बोल्ट पहिल्या खडबडीत प्रवासानंतर एकदा हातानं तपासा, कारण नवं सील बसताना थोडं दबतं आणि बोल्ट सैल होतात. आणि टाकीला किंवा बाउललाच तडा असेल, तर चिकटवण्याच्या नादाला लागू नका. तो भाग नवा घ्या, आणि तो येईपर्यंत टॉयलेटचं दार बंद ठेवा.