रायफलच्या दस्त्याचे बेडिंग : या चुका टाळा

जळगाव, धुळे आणि नंदुरबारच्या हौशी नेमबाजांकडे लाकडी दस्त्याची पॉइंट टू-टू (०.२२ इंच कॅलिबरची) किंवा जुनी बोल्ट-अ‍ॅक्शन रायफल असते, आणि तिच्याबद्दलची तक्रार बहुधा सारखीच असते. फेब्रुवारीत ५० मीटरवर पाच गोळ्यांचा ग्रुप, म्हणजे निशाण्यावरच्या भोकांचा पुंजका, रुपयाच्या नाण्याखाली झाकला जात होता, तो जुलैत तळहाताएवढा झाला. मग कोणीतरी बेडिंग करून घेण्याचा सल्ला देतो. हा सल्ला पुष्कळदा बरोबर असतो. पण चुकीच्या वेळी आणि निदान न करता केलेले बेडिंग चांगल्या दस्त्याचेही नुकसान करते, म्हणून पुढचा तपशील मांडत आहे.

रायफलची अ‍ॅक्शन (नळीमागचा, काडतूस भरणारा आणि झाडणारा धातूचा भाग) लाकडात कोरलेल्या खाचेत बसते आणि दोन-तीन स्क्रूंनी आवळलेली असते. खाच कितीही निगुतीने कोरली तरी धातू लाकडावर सर्वत्र न टेकता चार-दोन उंचवट्यांवरच टेकतो. स्क्रू आवळले की अ‍ॅक्शन त्या उंचवट्यांवर किंचित वाकते आणि प्रत्येक गोळीच्या धक्क्यानंतर थोड्या वेगळ्या जागी स्थिरावते. काचतंतू किंवा धातूची पूड मिसळलेले इपॉक्सी त्या पोकळीत भरून अ‍ॅक्शनचा हुबेहूब साचा तयार करणे, म्हणजे बेडिंग. स्क्रूंभोवती अ‍ॅल्युमिनियमच्या नळ्या बसवल्या तर त्याला पिलर बेडिंग म्हणतात. त्यामुळे स्क्रू आवळताना लाकूड दबत नाही. हा एकाच आजारावरचा इलाज आहे. अ‍ॅक्शन ताणाखाली बसत असेल तरच त्याचा गुण येतो.

कायद्याची बाजूही आधीच सांगितलेली बरी. शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ५ मध्ये शस्त्रांच्या निर्मितीबरोबर दुरुस्तीसाठीही परवान्याची अट आहे. तेव्हा हे काम परवानाधारक कारागिराकडूनच करून घ्यावे. मालकाने काय तपासावे, काय विचारावे आणि कोठे घाई करू नये, एवढ्यापुरताच हा लेख आहे.

निदानाआधी इलाज

सर्वात मोठी चूक हीच. ग्रुप पसरण्याची कारणे अनेक असतात आणि त्यांतील बहुतेक बेडिंगपेक्षा स्वस्तात दुरुस्त होतात. अ‍ॅक्शनचे स्क्रू सैल आहेत का, दुर्बिणीच्या कड्या हलतात का, नळीच्या तोंडावर खरचटले आहे का, हे आधी पाहावे. पॉइंट टू-टूच्या बाबतीत काडतुसांचा लॉट (एकाच वेळी बनलेली खेप) बदलला तरी ग्रुप दुप्पट होऊ शकतो, त्यामुळे निदान होईपर्यंत एकाच लॉटची काडतुसे वापरावीत. ५० मीटरच्या निशाण्यावर दहाच्या वर्तुळाचा व्यास १०.४ मिमी असतो. एवढ्या लहान मापात काडतुसाचा दोष आणि दस्त्याचा दोष नुसत्या नजरेने वेगळे काढता येत नाहीत.

यानंतर दस्त्याची परीक्षा घ्यावी. रायफल रिकामी असल्याची दोनदा खात्री करून बोल्ट (काडतूस आत ढकलून नळी बंद करणारा सरकता दांडा) काढून ठेवावा. डायल गेज (सूक्ष्म हालचाल मोजणारे सुईचे उपकरण) दस्त्याच्या पुढच्या टोकाला बांधून त्याची सुई नळीवर टेकवावी, सर्व स्क्रू नेहमीच्या जोराने आवळावेत आणि मग पुढचा स्क्रू हळूहळू सैल करावा. सुई ०.०५ मिमीच्या आत राहिली तर अ‍ॅक्शन ताणाशिवाय बसली आहे, आणि बेडिंगवर खर्च करण्याचे कारण नाही. ०.१२ मिमीपेक्षा जास्त हलली तर दस्ता अ‍ॅक्शनला वाकवतो आहे. मागच्या स्क्रूचीही अशीच परीक्षा घ्यावी.

डायल गेज नसेल तर घरातले काजळ उपयोगी पडते. अ‍ॅक्शनच्या खालच्या बाजूला त्याचा अगदी पातळ हात फिरवून ती दस्त्यात बसवावी आणि सरळ वर उचलावी. लाकडावर जेथे काळे उमटले, तेथेच धातू टेकत होता. एका बाजूलाच डाग दिसले तर रोग सापडला.

काही रायफलींना नेहमीचे बेडिंग चालत नाही. अ‍ॅल्युमिनियमच्या चौकटीत बसणाऱ्या आधुनिक स्पर्धा-रायफलींना त्याची सहसा गरजच नसते. ली-एनफिल्डच्या घाटाच्या रायफलींमध्ये दस्ता दोन तुकड्यांचा असतो आणि धक्का पुढच्या लाकडाच्या मागच्या टेकूंवर येतो. ते टेकू झिजले असतील तर तेथेच नवे लाकूड बसवावे लागते, आणि हे न पाहता सगळी खाच इपॉक्सीने भरणे म्हणजे दुखते पोट नि औषध डोक्याला.

खान्देशातला ऋतू

बेडिंगचे बहुतेक मार्गदर्शन थंड देशांतून येते आणि त्यात मे महिन्यातल्या भुसावळचा विचार नसतो. इपॉक्सीचे दोन भाग मिसळले की ते घट्ट होऊ लागते आणि तापमान सुमारे १० अंशांनी वाढले की हाताशी असलेला वेळ साधारण निम्मा होतो. डब्यावर २५ अंशांसाठी अर्धा तास लिहिला असेल, तर ४५ अंशांच्या दुपारी दहा मिनिटांतच ते दगड होऊ लागते. अ‍ॅक्शन पुरती खाली बसत नाही आणि खाली हवेचे फुगे राहतात. याउलट डिसेंबरात धुळ्याचा पारा एक अंकी झाला की तेच मिश्रण रात्रभर ओलसर राहते, आणि कारागीर सकाळी घाईने अ‍ॅक्शन उचलतो.

लाकडाची गोष्ट इपॉक्सीपेक्षाही महत्त्वाची. उन्हाळ्यात ते सुकून आकसते, पावसाळ्यात फुगते, आणि ही हालचाल लांबीत जवळजवळ नसते. ती रुंदीत आणि जाडीत होते, म्हणजे नेमकी अ‍ॅक्शन आणि नळीच्या खाचेत. भर पावसाळ्यात फुगलेल्या लाकडावर साचा केला तर मार्चमध्ये त्याच्याखालचे लाकूड आकसते. माझ्या मते दिवाळीनंतरचे तीन महिने या कामाला सर्वात योग्य आहेत, मात्र दस्ता त्याआधी तीन-चार आठवडे घरातच ठेवलेला असावा.

बेडिंग झाल्यावर सर्व उघडे लाकूड तेलाने किंवा वार्निशने बंद करणे ही पायरी बहुतेक जण गाळतात. बाहेरून चकाकणाऱ्या दस्त्याच्या आत नळीची खाच, स्क्रूंची भोके आणि मागच्या पट्टीखालचा कापलेला भाग बऱ्याचदा कोरडाच असतो. तेथून पाणी शिरत राहिले तर आतला साचा कितीही अचूक असो, त्याच्या खालची जमीनच सरकते.

साचा भरताना

अ‍ॅक्शनला न चिकटणारा थर लावायचा राहिला, तर रायफल आणि दस्ता एक होऊन बसतात. बूट पॉलिशसारख्या मेणाचे दोन पातळ हात देऊन कोरड्या कापडाने चोळले तरी काम भागते. पण स्क्रू, स्क्रूंची भोके आणि नळीचा खालचा भाग विसरून चालत नाही. मेणानेही भागणार नाही अशा जागा असतात, त्या म्हणजे अ‍ॅक्शनवरची भोके, चिरा आणि आत वळलेल्या कडा. तेथे इपॉक्सी शिरून घट्ट झाले की ते खिळ्यासारखे अडकते, म्हणून मुलांच्या खेळण्यातली प्लॅस्टिक माती भरून त्या जागा समतल कराव्या लागतात. माझ्याच रायफलच्या वेळी मी कारागिराच्या मागे घाईची भुणभुण लावली आणि ट्रिगरजवळचे एक भोक बुजवायचे राहिले. अ‍ॅक्शन हलेना. शेवटी सगळी रायफल रात्रभर डीप फ्रीझरमध्ये ठेवावी लागली. धातू आकसल्यावर लाकडी हातोडीच्या चार हलक्या ठोक्यांनी ती निघाली, पण दस्त्याची एक कड फुटली ती फुटलीच.

रिकॉइल लग, म्हणजे धक्का दस्त्यावर पोहोचवणारा खालचा आडवा ठोकळा, फक्त मागच्या बाजूने टेकला पाहिजे. त्याच्या पुढे, दोन्ही बाजूंना आणि खाली चिकटपट्टीचा थर देऊन तेवढी फट राखावी. अन्यथा अ‍ॅक्शन दर वेळी त्या खाचेत अडकत बसते आणि खाली टेकलेला लग तिला उचलून धरतो.

इपॉक्सी घट्ट होत असताना स्क्रू जोराने आवळणे ही हमखास होणारी चूक आहे. ज्या ताणातून सुटका हवी, तोच ताण त्यामुळे साच्यात कायमचा उतरतो. स्क्रू केवळ अ‍ॅक्शन सरळ ठेवण्यापुरते असावेत आणि दाब रबरी नळीच्या वेढ्यांनी द्यावा. जुन्या दस्त्यात बंदुकीचे तेल खोलवर मुरलेले असते, त्यावर इपॉक्सी धरत नाही. अ‍ॅसिटोनने तेल काढून, काळे पडलेले मऊ लाकूड पटाशीने साफ करूनच पुढे जावे.

काम परत आल्यावर

गोळी झाडण्याआधी बोल्ट अडखळत नाही ना, पुढचा स्क्रू आत जास्त शिरून बोल्टला लागत नाही ना, आणि मॅगझिनची पेटी खाली-वर किंचित हलते ना, हे पाहावे. पेटी घट्ट चेपली गेली असेल तर अ‍ॅक्शन नव्या साच्याऐवजी तिच्यावरच टेकते आणि सगळे श्रम वाया जातात. स्क्रू टॉर्क रेंचनेच (आवळण्याचा जोर मोजणाऱ्या पान्याने), निर्मात्याने दिलेल्या मापाने आवळावेत. पुन्हा झिरो करावे, म्हणजे नेम आणि गोळीची जागा जुळवून घ्यावी, लागणारच. तुलना करायची तर आधी आणि नंतर पाच-पाच गोळ्यांचे किमान पाच ग्रुप, त्याच लॉटच्या काडतुसांनी. एका सुरेख ग्रुपवरून हुरळून जाऊ नये.

एवढे करूनही गोळ्या दोन वेगळ्या पुंजक्यांत जात असतील, तर दुर्बिणीच्या कड्या आणि स्क्रूंचा जोर पुन्हा पाहावा. नळी तापत जाईल तशा गोळ्या एका दिशेने सरकत असतील, तर नळी बहुधा दस्त्याला कोठेतरी टेकते आहे. नळीखालून कागदाची पट्टी सरकली की झाले, हा नियम लाकडी दस्त्यासाठी अपुरा आहे; आपल्याकडच्या पावसाळ्यात तेवढी फट सहज मिटते, म्हणून दीड-दोन मिलिमीटर मोकळीक ठेवावी. जुलैअखेर तीच पट्टी पुन्हा फिरवून पाहावी आणि ती अडली तर बेडिंगला हात न लावता नळीची खाच तेवढी घासून, उघडे पडलेले लाकूड पुन्हा तेलाने बंद करून घ्यावे.