एसवायच्या वर्गात उलटी व्याख्या

सेट-नेट झालं, तासिका तत्त्वावर का होईना गणिताचा वर्ग मिळाला, आणि फळ्यावर सिद्धता उतरवून देण्यापलीकडे काही करावंसं वाटतंय? मग अख्खा अभ्यासक्रम बदलायला जाऊ नका. एकच व्याख्या घ्या.

मी रिअल ॲनालिसिसमधली सिक्वेन्सच्या (ओळीने येणाऱ्या संख्यांच्या) लिमिटची घेतो, म्हणजे त्या संख्या ज्या संख्येच्या जवळ जवळ जातात तिची. ‘कुठलाही धन एप्सिलॉन द्या, असा एन सापडतो की त्यापुढची सगळी पदं लिमिटपासून एप्सिलॉनपेक्षा कमी अंतरावर असतात.’ ही सगळ्यांना पाठ असते. मी फळ्यावर क्रम उलटवतो: ‘असा एक एन आहे, की कुठलाही धन एप्सिलॉन घेतला तरी...’ आता कोणते सिक्वेन्स कन्व्हर्ज होतील, म्हणजे कुणाला लिमिट असेल? तिघातिघांचे गट करतो. आधी ‘सर, दोन्ही सारखंच’ असं ऐकू येतं. मी हो-नाही म्हणत नाही. १, १/२, १/३... तपासा, एवढंच सांगतो. मग कुणीतरी अडतं: एन १०० धरला, तर १०१वं पद १/१०१, एप्सिलॉन १/१००० घेतला की गेलं! शेवटी वर्गच ठरवतो, की एका टप्प्यानंतर स्थिर होणारेच सिक्वेन्स इथे टिकतात. चर्चा मराठीत होऊ द्या, लिहिणं इंग्रजीत. आणि हुशार मुलाच्या हाती पहिल्यांदा खडू देऊ नका.

विद्यार्थ्यांनाच शोधायला लावण्याची ही परंपरा सांगताना टेक्सास विद्यापीठाच्या आर. एल. मूर यांचं नाव निघतंच: पुस्तक बंद, सिद्धता विद्यार्थ्यांनीच शोधायची, तीही आपसांत न बोलता. ते कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना वर्गात घेत नसत, त्यामुळे त्यांचे गोडवे मला गाववत नाहीत. शिवाय बोलणं बंद केलं तर आपल्या वर्गात उरेल काय? आपल्याकडे १९९३पासून एस. कुमारेसन यांनी सुरू केलेली एमटीटीएसची (मॅथेमॅटिक्स ट्रेनिंग अँड टॅलेंट सर्च) गणिताची उन्हाळी शिबिरं प्रश्न विचारतच चालतात. तुमच्या विद्यार्थ्यांना अर्ज करायला लावा.

विभागप्रमुख पुरावा मागतील. २०१४ साली अमेरिकेत २२५ अभ्यासांचा एकत्रित आढावा निघाला, विज्ञान-गणिताच्या पदवी वर्गांचा: निव्वळ व्याख्यानात नापासांचं प्रमाण सरासरी ३४ टक्क्यांच्या आसपास, विद्यार्थ्यांनाच वर्गात विचार आणि चर्चा करायला लावणाऱ्या सक्रिय पद्धतीत २२.

पोर्शन मात्र मागे पडतो. नुसती आकडेमोडीची उदाहरणं मी छापील कागदावर देऊन टाकतो आणि युनिटमागे असे एक-दोनच तास ठेवतो. विद्यापीठाच्या पेपरात व्याख्या सरळच विचारतात, म्हणून तासाची शेवटची दहा मिनिटं ती वहीत नीट लिहून घेण्यासाठी राखून ठेवा.