चुंबकाला चिकटलं, पुढे काय?

एमएस्सीच्या प्रोजेक्टला मॅग्नेटाइट-कायटोसान कंपोझिट हमखास दिलं जातं: चुंबकाला चिकटणारं काळं लोह-ऑक्साइड (मॅग्नेटाइट) आणि त्यावर कायटोसान या पॉलिमरचा लेप, पाण्यातला डाय म्हणजे रंगद्रव्य शोषून घेण्यासाठी. रसायनं स्वस्त, आणि गाळ दुपारभरात तयार. बीकरला बाहेरून निओडायमियम मॅग्नेट लावला की काळा गाळ सरसर तिकडे सरकतो, त्याचा व्हिडिओ निघतो आणि सिंथेसिस झालं असं ठरतं. पण हवेनं ऑक्सिडाइज झालेलं मॅगहेमाइटही चुंबकाला तसंच चिकटतं. एक्सआरडीतही (क्ष-किरण विवर्तनात) दोघांचा सगळ्यात उंच पीक 35.5 अंशांच्या आसपासच. फरक रामन किंवा मॉसबाउअर स्पेक्ट्रोस्कोपीत कळतो. त्याआधीची साधी खूण म्हणजे रंग: काळ्याचं तपकिरी व्हायला लागलं की समजा, हवा लागली.

खरी काळजी घ्यायची ती फेरस सल्फेटच्या बाटलीची. स्फटिक हिरवट-निळसर हवेत. पिवळट थर चढलेली बाटली बाजूला ठेवा, कारण त्यातलं बरंचसं फेरस आधीच फेरिक झालेलं असतं आणि फेरस-फेरिकचं 1:2 प्रमाण तिथंच बिघडतं. 5.4 ग्रॅम फेरिक क्लोराइड हेक्साहायड्रेटला 2.78 ग्रॅम फेरस सल्फेट हेप्टाहायड्रेट. लेबलवर पाण्याचे रेणू किती ते वाचल्याशिवाय वजन करू नका. पाण्यातून आधी नायट्रोजन सोडा, मगच हे दोन्ही क्षार विरघळवा. यातून जास्तीत जास्त 2.3 ग्रॅम मॅग्नेटाइट निघेल. वाळवलेली पावडर 3 ग्रॅम भरली तर उत्तम यील्ड म्हणून मिरवू नका, ती नीट धुतलेली किंवा वाळलेली नाही.

आणि मॅग्नेटिक स्टरर नको! अर्धा माल आत फिरणाऱ्या चुंबकी बारला चिकटून बसतो. वरून फिरणारा मेकॅनिकल स्टरर मागा, त्यासाठी सीनियरची मनधरणी करावी लागली तरी करा.

कायटोसान 1 टक्का ॲसिटिक ॲसिडमध्ये विरघळतं. मी आधी मॅग्नेटाइटचे कण बनवून, धुऊन, मग त्यात घालते. फक्त त्या आम्लात ते रात्रभर ठेवू नका, लोह सुटायला लागतं. पुढे ग्लुटराल्डिहाइडनं क्रॉसलिंक केलं नाही (म्हणजे साखळ्या एकमेकींना जोडल्या नाहीत) तर आम्लधर्मी द्रावणात कायटोसान पुन्हा विरघळून जातं. ग्लुटराल्डिहाइड जास्त घातलं तर कायटोसानचे अमाइन गट त्यातच खर्ची पडतात आणि डाय धरायला जागा उरत नाही.

आता डाय. लॅबमध्ये मेथिलीन ब्लू असतो म्हणून सगळे तोच घेतात. तो धनभारित. आम्लात कायटोसानचे अमाइनही धनभारित. मग तो चिकटणार कसा? कायटोसानला काँगो रेड किंवा मेथिल ऑरेंज असा ऋणभारित डाय द्या. मेथिलीन ब्लूच हवा असेल तर ऋणभारित अल्जिनेटचा लेप घ्या. कोणतं प्रदूषक काढायचं हे आधी ठरलं की लेप आपोआप ठरतो. बहुतेक प्रोजेक्टमध्ये हे नेमकं उलटं होतं आणि मग व्हायव्हात पीएचच्या ग्राफवर गाडी अडते.

पाण्यात डाय किती उरला ते बघायला यूव्हीचं रीडिंग घेताना क्युवेटमध्ये (नमुन्याच्या छोट्या पारदर्शक नळीत) कण राहिले तर ते प्रकाश विखुरतात आणि शोषण फुगतं. चुंबक लावल्यावरही एकदा सेंट्रिफ्यूज करा. डाय न घालता फक्त कंपोझिट आणि पाणी असा एक ब्लँक ठेवाच.

शेवटी एसईएम-टीईएमसाठी (इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपसाठी) सॅम्पल पाठवताना फॉर्मवर ‘चुंबकीय’ असं स्पष्ट लिहा. सुटी पावडर उडून यंत्राच्या लेन्सला चिकटू शकते, म्हणून काही ठिकाणी असं सॅम्पल घेतच नाहीत. स्लॉट बुक करण्याआधी ऑपरेटरला फोन करून विचारा.