कण बनवायला जमेलच, आधी तो विरतो का ते बघा

एमआरआयच्या काँट्रास्टसाठी, म्हणजे चित्रातला फरक ठळक दिसावा म्हणून, शरीरात सोडायचे आणि तिथेच विरून जाणारे आयर्न ऑक्साइडचे नॅनोकण, हा माझा पीएचडीचा विषय. मी केमिस्ट्रीतून आले. या विषयाकडे वळणारी मुलं विचारतात, ‘ताई, कण बनवायला किती दिवसांत जमतं?’ ते लवकर जमतं. फेरस आणि फेरिक क्षार एकास दोन प्रमाणात घ्यायचे, नायट्रोजन सोडत ठेवायचा, अमोनिया घालायचा. बघता बघता द्रावण काळंभोर होतं. बाटलीला लोहचुंबक लावला की सगळा काळा गाळ त्या बाजूला धावतो. पहिल्यांदा ते बघून मी हरखून गेले होते.

खरं काम त्यापुढे. माझे पहिले कण पाण्यात महिनाभर छान राहिले. सलाइनमध्ये घातले आणि दहा मिनिटांत तळाला बसले. मिठाच्या आयनांमुळे कणांवरचा विद्युतभार झाकला जातो, मग ते एकमेकांना चिकटतात. असे गोळे रुग्णाच्या शिरेत सोडता येतील का? पाण्यातले आकडे जमवण्यात माझे चार महिने गेले होते. तुम्ही पहिल्याच आठवड्यात सलाइन आणि सीरममध्ये (रक्तातल्या पेशी काढून उरलेल्या द्रवात) डीएलएस करा, म्हणजे प्रकाश टाकून द्रवातल्या कणांचा आकार मोजा.

हा खटाटोप कशासाठी, तेही नीट समजून घ्या. गॅडोलिनियमचं काँट्रास्ट 1988 पासून वापरात आहे. ते मुख्यतः किडनीवाटे बाहेर पडतं. 2006 मध्ये किडनी निकामी असलेल्या रुग्णांतल्या कातडी कडक होण्याच्या एका गंभीर आजाराशी त्याचा संबंध दिसला, 2014 मध्ये मेंदूत त्याचे अंश राहतात असं लक्षात आलं. लोह मात्र शरीराच्या ओळखीचं आहे. यकृतातल्या पेशी कण गिळतात, लोह फेरिटिन या प्रथिनात साठतं, पुढे हिमोग्लोबिनच्या कामी येतं. फेरुमॉक्सिटॉल हे औषध अमेरिकेत 2009 मध्ये अ‍ॅनिमियासाठी मंजूर झालं आणि डॉक्टर ते काँट्रास्ट म्हणूनही वापरू लागले. पण 2015 मध्ये त्यावर तीव्र अ‍ॅलर्जीचा कडक इशारा आला. विरणारा कण म्हणजे निर्धोक कण, असं कधीही धरून चालू नका.

पैशांचं थोडक्यात: नेट-जेआरएफ ही संशोधन शिष्यवृत्ती असेल तर 2023 पासून महिन्याला 37,000 रुपये मिळतात, वर घरभाडं. फिजिक्सची भीती वाटत असेल तर एमआरआय टेक्निशियनशेजारी दोन दिवस बसा. टी-वन, टी-टू (एमआरआयचा सिग्नल किती वेळात सावरतो आणि किती वेळात ओसरतो, ते सांगणारे दोन काळ) मला तिथेच उमगलं.

आणि एक प्रयोग पहिल्या महिन्यातच लावा. पेशीच्या आत कण जिथे विरतात तिथे आम्लता असते. म्हणून पीएच 4.5 चा सायट्रेट बफर घ्या, त्यात कण घालून नळ्या 37 अंशांवर ठेवा. काळपट तपकिरी रंग हळूहळू उतरत फिकट पिवळा होतो. फक्त फोटो काढून थांबू नका, त्याच नळीचा टी-टूही मोजा. रंग उतरतो तसा सिग्नलवरचा परिणामही उतरतो. माझ्या वहीत हे दोन्ही स्तंभ शेजारीशेजारी आहेत, आणि गाईडने सगळ्यात जास्त प्रश्न त्याच पानावर विचारले.