किल्ली खिशात, गाडी बाहेर: कीलेस गाडी आणि तिचा अलार्म नीट कसा वापरावा

हातात दोन जड पिशव्या, खांद्यावर झोपलेलं मूल, आणि हँडलला बोट लागताच गाडी उघडते. ही सोय एकदा अंगवळणी पडली की पुन्हा किल्ली शोधत खिसे चाचपणं जिवावर येतं. पण एक लक्षात ठेवा, गाडी तुम्हाला ओळखत नाही. ती ओळखते तुमच्या खिशातल्या किल्लीचा आवाज. तो आवाज मधल्या कुणी उचलून तिच्या कानाशी नेला, तरी तिला फरक कळत नाही.

पायरी १: आपली किल्ली कोणत्या जातीची, ते बघा

किल्ली खिशात ठेवा, तिच्या बटणांना हात लावू नका आणि दाराचं हँडल ओढा. दार उघडलं तर गाडी खऱ्या अर्थाने कीलेस. नाही उघडलं तर तुमच्याकडे आहे तो बहुधा बटणाचा साधा रिमोट.

कीलेस प्रकारात गाडी १२५ किलोहर्ट्झच्या आसपासच्या लहरींवर हलकी हाक मारते. ही हाक जेमतेम मीटर-दोन मीटरच पोचते. किल्ली ३१५ किंवा ४३३ मेगाहर्ट्झवर उत्तर देते आणि ते बरंच लांब जातं. दर वेळी प्रश्न नवा, उत्तरही नवं, त्यामुळे कालचं उत्तर ध्वनिमुद्रित करून आज उपयोग नाही. चोर म्हणूनच कोडच्या वाटेला जात नाहीत. एक जण घराच्या दाराशी अँटेना घेऊन उभा राहतो, दुसरा गाडीपाशी. गाडीची हाक किल्लीपर्यंत आणि किल्लीचं उत्तर गाडीपर्यंत, एवढंच ते पोचवतात. पत्र पोचवायला पोस्टमनला ते वाचता यावं लागत नाही, तसंच हे. झुरिकच्या ईटीएच विद्यापीठातल्या संशोधकांनी आठ कंपन्यांच्या दहा मॉडेलांवर हा प्रयोग करून २०११ साली निष्कर्ष मांडले, तेव्हा दहाच्या दहा गाड्या फसल्या होत्या.

पायरी २: घरात आल्यावर किल्लीला गप्प बसवा

दाराजवळच्या खुंटीवर किल्ली टांगायची सवय आधी सोडा. आत, गाडीपासून लांबच्या खोलीत ठेवा. त्याहून बरं म्हणजे सिग्नल अडवणारं धातूच्या अस्तराचं पाकीट. त्याला फॅरडे पाऊच म्हणतात. विकत घेतलं म्हणजे काम झालं असं मात्र समजू नका. किल्ली पाकिटात घाला, झाकण पूर्ण बंद करा, पाकीट हातात धरून गाडीच्या दाराशी जा आणि हँडल ओढा. उघडलं तर ते पाकीट कचऱ्यात टाका. बंद राहिलं तर दर दोन-तीन महिन्यांनी हीच परीक्षा पुन्हा घ्या, कारण घडीच्या जागी अस्तर चिरतं आणि बाहेरून काहीच दिसत नाही. घट्ट झाकणाचा पत्र्याचा डबाही कधीकधी चालतो, पण त्याचीही हीच परीक्षा. मायक्रोवेव्हमध्ये किल्ली ठेवण्याचा सल्ला काही जण देतात. कृपा करून ऐकू नका. एखाद्या सकाळी घरातलं कुणीतरी न बघता तो चालू करेलच.

आणि कपाटातली दुसरी किल्ली? तीही तितकीच बोलते. बहुतेक लोक रोजची किल्ली पाकिटात घालतात आणि जोडीची किल्ली ड्रॉवरमध्ये विसरतात.

काही नव्या किल्ल्यांमध्ये हालचाल ओळखणारा सेन्सर असतो. किल्ली काही मिनिटं स्थिर राहिली की ती झोपी जाते. तुमची तशी आहे का हे बघायला गाडीच्या दाराशेजारी स्टूल ठेवा, त्यावर किल्ली ठेवा आणि दहा मिनिटं तिला धक्का लागू देऊ नका. मग हँडल ओढा. दार उघडलं नाही तर समजा, किल्ली झोपते. ही सुविधा नसेल तर माहितीपुस्तिका उघडा. बऱ्याच गाड्यांत कीलेस प्रवेश सेटिंगमधून किंवा दोन बटणं एकत्र दाबून बंद करता येतो. मग बटण दाबूनच दार उघडावं लागेल. माझ्या मते रात्री गाडी बाहेर उभी राहत असेल, तर हा सौदा वाईट नाही.

नवी गाडी घेणार असाल तर विक्रेत्याला एकच प्रश्न विचारा: किल्लीचं अंतर ही गाडी कसं मोजते? यूडब्ल्यूबी (अल्ट्रा-वाइडबँड) या रेडिओ तंत्रात सिग्नलच्या जोरावरून नाही, तर त्याला लागणाऱ्या वेळेवरून अंतर मोजतात. रेडिओलहर एका नॅनोसेकंदात सुमारे ३० सेंटिमीटर जाते, त्यामुळे मधल्या चोराने लावलेला उशीर पकडता येतो. मात्र गाडीत ही यूडब्ल्यूबी चिप असणं वेगळं आणि दार उघडताना ती वापरली जाणं वेगळं. त्यामुळे नेमकं तेच विचारा.

पायरी ३: कुलूप लागलं का, ते बघायची रीत बदला

जुन्या गाडीत सोपं होतं, हँडल ओढून बघायचं. कीलेस गाडीत हँडल ओढलं की खिशातल्या किल्लीमुळे दार पुन्हा उघडतं, आणि आपण तीन वेळा तेच करत उभे राहतो. शेजारून जाणाऱ्याला वाटतं, ह्याला स्वतःची गाडी जमत नाही. यावर उपाय असा: किल्ली बरोबरच्या माणसाकडे देऊन त्याला दहा पावलं लांब उभं करा आणि मग ओढा. काही गाड्या कुलूप लागल्यावर दोन-तीन सेकंद हँडल ओढून खात्री करू देतात, ते पुस्तिकेत बघा. एकटे असाल तर आरसे मिटले का, दिवे लुकलुकले का, आणि मुख्य म्हणजे कुलपाचा खट्ट आवाज आला का, याकडे लक्ष द्या.

हे लक्ष बटणाच्या रिमोटवाल्यांनीही द्यायचं. गर्दीच्या पार्किंगमध्ये जॅमर लावून कुलपाचा सिग्नल अडवतात. आपण पाठमोरे होऊन बटण दाबत चालू लागतो आणि गाडी उघडीच राहते.

पायरी ४: अलार्म काय ऐकतो, ते स्वतः तपासा

बहुतेक अलार्म दारं, बॉनेट आणि डिकी यांच्या स्विचांवर चालतात. चांगल्या अलार्ममध्ये आतली हालचाल टिपणारा अल्ट्रासोनिक सेन्सर आणि गाडी उचलली किंवा कललेली कळणारा टिल्ट सेन्सरही असतो. तपासायला चालकाची काच पूर्ण खाली करा, बाहेरून गाडी बंद करा, मिनिटभर थांबा आणि खिडकीतून हात आत घालून हलवा. सायरन वाजला तर आतला सेन्सर जिवंत आहे. शेजाऱ्यांना आधी सांगा, आणि दुपारी झोपेच्या वेळी हा प्रयोग नको.

अलार्म उगाच वाजत असेल तर आधी काच किंचित उघडी आहे का, आरशाला काही लोंबतंय का, बॉनेटचा स्विच मळलाय का आणि मुख्य बॅटरी अशक्त झालीय का, ते बघा. गाडी बोटीवरून नेताना आतला आणि टिल्ट सेन्सर तेवढ्यापुरता बंद करतात. रोज रात्री खोटा वाजणारा अलार्म तिसऱ्या दिवसापासून कुणी ऐकत नाही, तुम्हीसुद्धा.

तसंही अलार्म फक्त ओरडतो. गाडी सुरू होऊ न देण्याचं काम इमोबिलायझरचं. त्यालाही वळसे आहेत. डॅशबोर्डखालच्या ओबीडी सॉकेटमधून, म्हणजे मेकॅनिक तपासणीचं यंत्र जोडतो त्या जागेतून, नवी किल्ली जोडणं, किंवा २०२३ साली उघड झालेली, हेडलाइटमागच्या वायरीतून गाडीच्या संगणकजाळ्यात खोटा संदेश सोडण्याची युक्ती. या दुसऱ्या प्रकारात किल्लीची गरजच लागत नाही, म्हणून तिथे पाकिटाचा उपयोग शून्य. तिथे कामाला येतो स्टीअरिंगवर आडवा लावायचा जाड लोखंडी दांडा. दिसायला गावठी, पण तो कापायला वेळ लागतो आणि चोराला नेमका वेळच नसतो. गाडी सुरू करण्याआधी पिन मागण्याची सोय असेल तर तीही चालू करा.

बाहेरून अलार्म बसवणार असाल तर त्याच्या ॲपकडेही बघा. २०१९ साली दोन नामांकित अलार्मच्या ॲपमध्ये त्रुटी सापडल्या होत्या. दुसऱ्याच्या खात्यात शिरून त्याची गाडी शोधता आणि उघडता येत होती. ॲपला वेगळा, लांब पासवर्ड द्या आणि अपडेट टाळू नका.

पायरी ५: किल्लीची बॅटरी संपल्याची तालीम आजच करा

अंधारात, पावसात पहिल्यांदा शिकायची ही गोष्ट नाही. फॉबच्या, म्हणजे कीलेस किल्लीच्या, बाजूची छोटी खिटी सरकवा, आतून लोखंडी पातं निघेल. दाराच्या हँडलवर भोक दिसत नसेल तर टोकाची प्लास्टिकची टोपी पात्याने हळूच उचकटा, कुलूप तिच्याखाली असतं. अशा वेळी अलार्म वाजू शकतो, घाबरू नका. मेलेला फॉब थेट स्टार्टच्या बटणाला टेकवा आणि त्यानेच बटण दाबा. काही गाड्यांत त्यासाठी कपहोल्डरजवळ किंवा स्टीअरिंगपाशी ठरलेली जागा असते. गाडी सुरू झाली की सायरनही थांबतो. आत बहुधा सीआर२०३२ नाव कोरलेला ३ व्होल्टचा सेल असतो. जुना सेल मुलांच्या हाती लागू देऊ नका. गिळला तर तो अन्ननलिका आतून जाळतो.

पायरी ६: उतरताना इंजिन बंद, किल्ली बरोबर

एकदा बायको मला सोडायला आली आणि किल्ली माझ्याच बॅगेत राहिली. मी उतरताना गाडी दोनदा टिंगटिंगली, आम्ही गप्पांत होतो. ती निघाली, आठ किलोमीटरवर थांबून इंजिन बंद केलं, आणि मग मला फोन आला. चालती गाडी किल्ली दूर गेली म्हणून बंद पडत नाही, फक्त इशारा देते. पुन्हा सुरू मात्र होत नाही. तेव्हा चालक बदलताना किल्ली हातात द्यायची.

याच स्वभावाची दुसरी बाजू गंभीर आहे. हल्लीची इंजिनं, हायब्रिड तर विशेषच, इतकी शांत असतात की किल्ली खिशात घेऊन माणूस घरात जातो आणि बंद गॅरेजमध्ये गाडी चालूच राहते. कार्बन मोनॉक्साइडने यात माणसं दगावली आहेत. घराला चिकटून गॅरेज असेल तर त्या वायूचा डिटेक्टर लावाच.

पायरी ७: जुनी गाडी घेतलीत तर

या गाडीला किती किल्ल्या जोडलेल्या आहेत, हे सर्व्हिस सेंटरमधून काढून घ्या. तुमच्या हातात दोन आणि नोंद तीनची असेल, तर तिसरी तिथेच रद्द करून घ्या. आधीच्या मालकाच्या फोनमधलं ॲपही गाडीपासून तोडायला लावा. गाडी विकताना हेच तुम्ही स्वतःहून करा.